वाचकांचे प्रश्न : जादूने देह बदलला, पुढे काय?

या महिन्याच्या टपालात सोलापूरहून आलेल्या सहा पत्रांचा विषय एकच आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठी ठेवले आहे. शहरातील एका वाचन मंडळात सध्या एका अप्रकाशित अद्भुतरम्य कादंबरीच्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित वाचले जात आहे. पहिल्या भागाची कथा थोडक्यात अशी : दुष्काळाने होरपळलेल्या नगराला पाणी मिळावे म्हणून किल्लेदाराचा मुलगा रानातल्या शापित तळ्याचा बांध फोडायला जातो. त्या तळ्याचे पाणी तळ्याकाठीच जो पिईल त्याचे लिंग पालटते. बांध फोडू देण्याच्या बदल्यात तळ्याची रक्षक यक्षिणी त्याला ओंजळभर पाणी प्यायला सांगते, तो ती अट मान्य करतो, आणि स्त्री होऊन वेशीवर परततो. त्याचे लग्न नगरातील वैद्याच्या मुलीशी ठरलेले असते. ती त्याला चालीवरून ओळखते आणि तिथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात पुढच्या तीन वर्षांची कथा आहे. लेखिकेने आणि मंडळातील वाचकांनी विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक आहे. मंडळात हस्तलिखित ऐकताना माझ्या मनात सतत एक शंका येत राहिली. जादूने पुरुषाची स्त्री होणे आणि तरीही वाग्दत्त वधूने त्याच्यावरचे प्रेम न सोडणे, ही कल्पना परदेशी कादंबऱ्यांवरून उचललेली वाटते. मराठी वाचकाच्या संस्कारांत तिला काही आधार आहे काय?
— मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : सर, हा आधार शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. सांगोला तालुक्यातील नाझरे गावच्या श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीत ‘शिवलीलामृत’ रचले. त्याचा अकरावा अध्याय आजही असंख्य घरांत नित्य वाचला जातो, परंतु सातव्या अध्यायापाशी आपण फारसे थांबत नाही. विदर्भातील वेदमित्र आणि सारस्वत या दोन स्नेह्यांचे मुलगे, सुमेधा आणि सोमवंत, एकत्र वाढलेले आणि एकत्र शिकलेले असतात. लग्नासाठी द्रव्य हवे म्हणून ते राजाकडे जातात, तेव्हा राजाच त्यांना सुचवतो की एकाने स्त्रीवेष घ्यावा आणि दोघांनी दांपत्य म्हणून सीमंतिनी राणीकडे जावे, कारण ती सोमवारी दांपत्यांची पूजा करून त्यांना दान देते. सीमंतिनीला सोंग कळते, तरीही ती त्या दोघांच्या ठायी शिवपार्वतीची भावना धरून मनोभावे पूजा करते, आणि परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच स्त्री होतो. पुढे सोमवंताचा पिता सारस्वत याचा आक्रोश आहे, राजाने देवीला घातलेले साकडे आहे, आणि सीमंतिनीच्या भक्तीने जे घडले ते आपल्यालाही पालटता येणार नाही, असे देवीचे उत्तर आहे. अखेर स्त्री झालेल्या सोमवंताचे सुमेधाशी लग्न होते आणि सारस्वताला दुसऱ्या पुत्राचा वर मिळतो.

श्रीधरांनी ही कथा स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातून घेतली, त्यामुळे ती त्यांच्याहूनही जुनी आहे. महाभारतात शिखंडी आणि भंगास्वन यांच्या कथा आहेत, रामायणाच्या उत्तरकांडात इल राजाची कथा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. परकेपणाची शंका येथे टिकत नाही, असे मी पूर्ण खात्रीने लिहिते.

तरीही तुमच्या आक्षेपातील एका भागाला उत्तर द्यायला हवे. सोमवंताच्या कथेत लिंगपालटामुळे दोन मित्रांचे स्त्रीपुरुषांचे जोडपे होते, म्हणजे चमत्काराने समाजाच्या चौकटीत बसणारे लग्न शक्य केले. या कादंबरीत नेमके उलटे घडते : बसलेली चौकट चमत्कार मोडतो आणि दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या राहतात. जुन्या कथांनी लेखिकेला वाटेचा पहिला टप्पा दाखवला आहे. पुढचा टप्पा तिचा स्वतःचा आहे आणि तो तिने स्वतःच्या बळावर वाचकाला पटवून द्यायला हवा.

प्रश्न : मी या कादंबरीची लेखिका आहे. माझ्या कच्च्या खर्ड्यात शेवटच्या प्रकरणात एक सिद्धपुरुष येतो, मंत्र म्हणतो, नायक पुन्हा पुरुष होतो आणि लग्न लागते. मंडळातील निम्म्या लोकांना हा शेवट सुखद वाटला आणि निम्मे लोक अक्षरशः रागावले. एका ज्येष्ठ बाईंनी तर ‘तीन वर्षे आम्हाला उगाच रडवलेस’ असे सांगितले. शाप उतरवावा की उतरवू नये? आणि उतरवायचा नसेल तर वाचकाला समाधान कशात द्यावे?
— साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, रागावलेल्या निम्म्यांच्या बाजूने मी आहे. तुमच्या शेवटात लग्न हे बक्षीस आहे आणि पुरुषदेह ही त्या बक्षिसाची अट आहे. वैद्यकन्येने तीन वर्षे जे निभावले ते शेवटच्या दहा पानांत अनावश्यक ठरते, कारण तिने नाकारले असते तरी सिद्धपुरुष आलाच असता. ज्येष्ठ बाईंच्या बोलण्यात हीच तक्रार आहे असे मला वाटते.

अद्भुत कथेतील जादूला नियम असतो आणि तुमचा नियम फार चांगला आहे, म्हणून तो मोडलेला पाहून वाईट वाटते. ओंजळभर पाण्याच्या बदल्यात नगराला तळे मिळाले. सौदा उलटला तर तळे कोणाचे? मंत्राने नायकाचा देह परत मिळत असेल तर बांध पुन्हा उभा राहायला हवा आणि नगराच्या विहिरी आटायला हव्यात. ही गोष्ट तुमच्या हस्तलिखितात कोणीच विचारत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात हा हिशेब किती काटेकोर ठेवला आहे ते पाहा. द्रुपदाची मुलगी शिखंडिनी मुलगा म्हणून वाढवली जाते, दशार्णाच्या हिरण्यवर्मा राजाच्या मुलीशी तिचे लग्न होते, सत्य उघडकीला येते आणि युद्धाची वेळ येते. प्राण द्यायला रानात गेलेल्या शिखंडिनीला स्थूण नावाचा यक्ष आपले पुरुषत्व काही काळासाठी देतो. मग कुबेर येतो, स्थूणाला स्त्रीरूपात पाहून संतापतो आणि शिखंडीच्या मृत्यूपर्यंत तसेच राहण्याचा शाप देतो. एकाला मिळालेला देह दुसऱ्याने गमावलेला असतो, आणि उपकार करणारा यक्ष शिखंडी जिवंत असेपर्यंत ती किंमत मोजत राहतो. तुमची यक्षिणी पहिल्या भागानंतर कुठे गेली? मला तिची फार आठवण आली. तिला दुसऱ्या भागात परत आणा.

माझी सूचना अशी आहे की सिद्धपुरुषाला शेवटी न आणता कथेच्या मध्यावर आणावे, आणि त्याने मंत्र न म्हणता तो देऊ करावा. म्हणजे देह परत घेणे शक्य आहे, पण त्याचा मोबदला नगर देणार आहे, हे नायकाला आणि वैद्यकन्येला दोघांनाही कळेल, आणि उरलेली कथा त्या निर्णयाची होईल. अनुशासनपर्वातील भंगास्वनाला असाच प्रश्न विचारला गेला होता. इंद्राच्या रोषामुळे तो राजा सरोवरात स्नान करताना स्त्री झाला. पुरुष असताना त्याला शंभर पुत्र होते, स्त्री झाल्यावर आणखी शंभर झाले, आणि इंद्राने भेद घालून ते सगळे आपसांत लढवून मारले. कोणते पुत्र जिवंत करू, असे इंद्राने विचारल्यावर स्त्री म्हणून जन्म दिलेले पुत्र तिने मागितले, त्या उत्तराने प्रसन्न होऊन इंद्राने सगळेच जिवंत केले, आणि पुन्हा पुरुष व्हायचे का असे विचारल्यावर तिने स्त्रीच राहणे पसंत केले. भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात. त्या राणीने काय निवडले याहूनही मला तिला विचारले गेले हे मोलाचे वाटते.

विचारले न गेल्याचे उदाहरण परदेशी वाङ्मयात आहे, आणि तेही दुसऱ्याच भागात आहे, म्हणून ते तुमच्या कामाचे आहे. अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या ऑझच्या जादुई देशाची पहिली कथा १९०० साली आली आणि दुसरी १९०४ साली. दुसऱ्या कथेत मोम्बी नावाच्या चेटकिणीकडे वाढलेला टिप हा मुलगा मुळात ऑझ्मा नावाची राजकन्या असल्याचे शेवटी उघड होते. चेटकिणीने तिला तान्हेपणीच मुलगा करून लपवलेले असते. टिपला मुलगाच राहायचे असते. काही दिवस मुलगी होऊन पाहतो, आवडले नाही तर मला परत मुलगा करा, असे तो म्हणतो, आणि ग्लिंडा ही भली जादूगारीण ते आपल्या शक्तीबाहेरचे आहे असे सांगते. मंत्र उतरतो आणि राणी सिंहासनावर बसते. पुढच्या भागांत ऑझ्मा सतत भेटते, पण टिप म्हणून जगलेल्या वर्षांची ओढ किंवा खंत तिच्या वागण्यात फारशी जाणवत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या त्या गमतीदार कथेकडून मी ती अपेक्षा करीत नाही. प्रौढ वाचकांसाठी प्रेमकथा लिहिणाऱ्या तुमच्याकडून मात्र करते.

आठवणीचा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, तरी तो आधी सोडवा. उत्तरकांडातील इल राजा एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री असतो, आणि एका महिन्यातले दुसऱ्या महिन्यात त्याला आठवत नाही. स्त्रीरूपातील इलेवर बुध अनुरक्त होतो, पण पुरुष झालेल्या इलाने आपल्या सैनिकांची चौकशी केली की ते सगळे दगडांच्या वर्षावात मारले गेले असे तो सांगतो आणि खरे दडवतो. तुमचा नायक सर्व काही आठवतो, हे मला अधिक अवघड आणि अधिक चांगले वाटते. मात्र मग त्याला तलवारीचा सराव आठवेल, बापाने पाठीवर ठेवलेला हात आठवेल, चावडीवर आपण बोलताना लोक गप्प बसत असत हेही आठवेल, आणि आता तेच लोक बोलणे मध्येच तोडतात हे तिला दिवसातून अनेकदा जाणवेल. खर्ड्यात ती आरशासमोर तीनदा रडते आणि चावडीवर एकदाही जात नाही. आरशाची दोन प्रकरणे काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी चावडी यावी.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली. हस्तलिखित वाचताना मला भाषेचीच अडचण आली. नायक स्त्री झाल्यावर निवेदनात एका पानावर ‘तो’ आहे, दुसऱ्यावर ‘ती’ आहे, आणि नायक स्वतः बोलताना कधी ‘मी आलो’ म्हणतो, कधी ‘मी आले’. हा गोंधळ मुद्दाम आहे की राहून गेला आहे, हे कळत नाही. मराठीत हे लिहावे कसे?
— अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : सगळ्या पत्रांत मला सर्वाधिक आनंद देणारा प्रश्न हा आहे, कारण तो सोलापुरातच इतक्या सहज सुचू शकतो. तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ आणि कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ असे पुरुषही म्हणतो आणि स्त्रीही म्हणते. ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग त्या क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘आलो’ किंवा ‘आले’ यांतले एक निवडल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. देह पालटलेल्या माणसाला मराठीत पहिले वाक्य बोलतानाच साऱ्या नगरासमोर निर्णय जाहीर करावा लागतो, आणि कादंबरीकाराच्या दृष्टीने ही मोठी देणगी आहे.

लेखिकेने ती योजून वापरावी. तळ्याकाठी नायक ‘मी पाणी प्यायलो’ म्हणतो, ते त्याचे शेवटचे पुल्लिंगी क्रियापद असू द्यावे. त्यानंतरची काही पाने लिंग न सांगताही मराठीत लिहिता येतात, कारण मराठीत प्रत्येक वाक्य कर्त्याच्या लिंगावर चालत नाही. ‘मी बांध फोडला’, ‘मी तलवार उचलली’, ‘मला थंडी वाजली’, ‘माझ्या हातून दिवा पडला’, ‘मी उद्या जाईन’ या वाक्यांत बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. ज्याच्या मनाची तयारी अजून व्हायची आहे अशा पात्राच्या तोंडी ही वाक्ये शोभतील, आणि वाचकाला कारण न कळताही ते अडखळणे जाणवेल. मग एका विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट माणसासमोर, तिने आपणहून ‘मी आले’ म्हणावे. तो माणूस कोण असावा हे लेखिकेने ठरवावे. मी असते तर बापासमोर म्हणायला लावले असते.

आणखी एक सोय मराठीत आहे. ‘आम्ही आलो’ हे पुरुषही म्हणतात आणि स्त्रियाही म्हणतात. दोघी एकत्र असताना नायक अनेकवचनात निश्चिंत बोलतो आणि एकटा पडला की क्रियापदापाशी थबकतो, एवढ्याने प्रेमाबद्दल जे सांगता येईल ते लांबलचक स्वगतांतून सांगता येणार नाही. निवेदनाबाबत माझे मत स्पष्ट आहे : निवेदकाने वैद्यकन्येच्या पाठोपाठ चालावे. ती ज्या दिवसापासून मनात ‘ती’ म्हणू लागते त्या दिवसापासून निवेदनातही ‘ती’ यावी, आणि किल्लेदाराच्या संवादांत शेवटपर्यंत ‘तो’ राहिला तरी चालेल. पुरुष कवीने स्त्रीलिंगी ‘मी’ होऊन बोलण्याची सवय मराठी कानाला नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आपण शतकानुशतके गात आहोत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. वैद्याची मुलगी तीन वर्षे काहीही न बोलता वाट पाहते, टोमणे सहन करते, दुसरी स्थळे नाकारते. मंडळात सगळ्यांनी तिच्या निष्ठेचे कौतुक केले, पण मला ती जिवंतच वाटली नाही. निष्ठावान प्रेम म्हणजे गप्प राहणे का?
— जुळे सोलापूर

उत्तर : तुझे निरीक्षण बरोबर आहे आणि ते तू मंडळात मोठ्याने सांगायला हवे होतेस. जुन्या कथांतील निष्ठावान माणसे फार काही करीत असतात. ‘शिवलीलामृता’च्या सहाव्या अध्यायातील सीमंतिनीचा पती चंद्रांगद यमुनेत बुडतो आणि तीन वर्षांनी नागलोकातून परततो, त्या काळात तिने मैत्रेयीने सांगितलेले सोमवारचे व्रत एकदाही मोडलेले नसते, आणि त्याच व्रताची शक्ती पुढच्या अध्यायात सोमवंताचा देह पालटण्याइतकी वाढलेली दिसते.

आपल्या गावातच पाहा. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर सात नंदीध्वजांच्या साक्षीने जो अक्षता सोहळा होतो, त्यामागे कुंभारकन्येची आख्यायिका आहे. ती सिद्धरामेश्वरांची सेवा करीत होती, आणि एके दिवशी तिने स्वतः लग्नाची इच्छा बोलून दाखवली. योगी असल्यामुळे त्यांनी नकार दिला, पण तिच्या भक्तीला मान देऊन आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. त्या मुलीने मागितले, समोरच्याने आपली अडचण सांगितली, आणि कोणाच्याही मनात नसलेली तिसरीच वाट निघाली. वैद्यकन्या आणि नायक यांच्यात असे एकही संभाषण नाही. तिचे लग्न एका पुरुषाशी ठरले होते. समोर आता एक स्त्री आहे. तिला या देहाची ओढ वाटते का, की फक्त दिलेल्या शब्दाची जबाबदारी वाटते, हे तिने स्वतःला आणि नायकाला विचारले पाहिजे, आणि नायकानेही तिला शब्दातून मोकळे करण्याची तयारी दाखवली पाहिजे. मोकळीक मिळाल्यानंतरही ती थांबली तर ते प्रेम आहे असे मी म्हणेन. त्याआधीचे थांबणे वाग्दानाचा धाक असू शकतो.

शिखंडीच्या कथेतील दशार्णाच्या राजकन्येचीही येथे आठवण येते. लग्नानंतर तिने सत्य ओळखले आणि दाईंमार्फत बापाला कळवले. पुढे शिखंडीला पुरुषदेह मिळाल्यावर बापाने पाठवलेल्या स्त्रियांनी खात्री केली, बापाचे समाधान झाले, आणि त्याने खरे बोललेल्या मुलीलाच दटावले. ती नंतर काय म्हणाली, कशी नांदली, याबद्दल कथा काही सांगत नाही. वैद्यकन्येला बोलते करताना लेखिकेने त्या राजकन्येचा विचार करावा, एवढी माझी विनंती तिला पोहोचव. आणि ही मुलगी वैद्याची आहे हे कादंबरीत जवळजवळ विसरले गेले आहे. स्त्रीदेहाबद्दल नगरात सर्वांत जास्त तिलाच ठाऊक असणार. नायकाला पहिल्यांदा मासिक पाळी येते तेव्हा ती कुठे असते? त्या रात्री ती त्याला जे शिकवील, त्यात तीन वर्षांच्या मौनाहून अधिक प्रेम असेल.

प्रश्न : मी पारलिंगी स्त्री आहे. मैत्रिणीच्या आग्रहाने हस्तलिखित ऐकायला गेले. नायकाला स्त्रीदेह शिक्षेसारखा मिळतो आणि सगळे नगर त्याची कीव करते, हे ऐकताना त्रास झाला. आम्ही ज्यासाठी घरदार गमावतो ते येथे शाप आहे. अशा कथांनी आमच्याबद्दलचा गैरसमज वाढणार नाही का?
— सोलापूर

उत्तर : ताई, त्रास झाला हे तुम्ही लिहिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे आणि तुमचे पत्र लेखिकेला जसेच्या तसे पाठवले आहे. तुमचा अनुभव आणि नायकाचा अनुभव उलट दिशेचे आहेत. तुम्ही स्त्री होता आणि जगाने तुम्हाला पुरुष म्हटले. नायक स्वतःला पुरुष समजतो आणि पाणी प्याल्यानंतर जग त्याला स्त्री म्हणते. मनाला न पटणाऱ्या नावाने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे त्याला एका रात्रीत कळते आणि तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. हा दुवा कादंबरीत कुठेही नाही, आणि तो नसल्यामुळेच स्त्रीदेह नुसता शाप ठरतो.

त्यावर मला सुचलेला उपाय असा : त्या तळ्याची बातमी नगरात पसरल्यावर, ज्याची सगळ्यांना भीती वाटते त्या पाण्याकडे आपणहून चालत जाणारे कोणीतरी या कथेत असलेच पाहिजे. आयुष्यभर चुकीच्या नावाने ओळखली गेलेली एखादी व्यक्ती रात्री बांधापाशी येते, नायक तिला थांबवायला धावतो, आणि ती त्याला सांगते की तुला जे सोसवत नाही त्याची मी वाट पाहत होते. या एका प्रसंगाने तळ्याचा अर्थ बदलेल आणि नायकाचे दुःखही अधिक खरे होईल. लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात मान्य केले आहे. कादंबरीतील नगराचा न्याय त्याहून मागे राहिला तर त्याचे कारण कथेत दिसायला हवे. लेखिकेला मी राजन गवस यांची, देवीला वाहिलेल्या जोगत्याच्या आयुष्यावरची ‘भंडारभोग’ ही कादंबरीही वाचायला सुचवले आहे. तीत मंत्र नाही, यक्षिणी नाही, पण पुरुषदेहावर लुगडे चढल्यावर घर आणि गाव माणसाशी कसे वागते ते आहे. तुम्हाला जमत असेल तर त्या मंडळात पुन्हा जा आणि पुढचा खर्डा ऐका. तुमच्या उपस्थितीत तो अधिक चांगला होईल असे मला वाटते.

प्रश्न : पहिला भाग न वाचलेल्यांसाठी दुसऱ्या भागाच्या आरंभी ‘मागील कथासूत्र’ द्यावे का? मंडळात यावर दोन बैठका गेल्या.
— वाचन मंडळाचे कार्यवाह, सोलापूर

उत्तर : अर्ध्या पानाचे, मूळ मजकुराच्या आधी, वेगळ्या पानावर द्यावे. सध्या पहिल्या तीन प्रकरणांत पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसतात, ती सगळी संभाषणे मग काढता येतील आणि कथा थेट वेशीपासून सुरू होईल. त्या अर्ध्या पानात तळ्याचा नियम आणि यक्षिणीची अट या दोन गोष्टी नेमक्या शब्दांत याव्यात. बांध फोडतानाची लढाई, दुष्काळाचे वर्णन आणि किल्लेदाराची वंशावळ तेथे नको. या सदरातील सूचनांनुसार शेवट बदलणार असेल तर हे पान सर्वांत शेवटी लिहावे, कारण नियमातील कोणता शब्द पुढे कामाला येणार हे लेखिकेला तेव्हाच कळेल.